एक्स-रे ट्यूब बाहेरून ओळखताना: नव्या टेक्निशियनसाठी

रूममध्ये नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना एकच प्रश्न विचारते. "ट्यूब कुठंय, दाखवा." बहुतेक जण कोलिमेटरच्या, म्हणजे किरणांची चौकट लहान-मोठी करणाऱ्या चौकोनी डब्याकडे बोट दाखवतात. त्यांचं चुकतं असंही नाही, कारण लाइट तिथून पडतो, नॉब तिथंच असतात आणि दिवसभर हात तिथंच लागतो. पण ट्यूब त्या डब्याच्या वर, आडव्या गोलसर धातूच्या कवचात बसलेली असते. ती तुम्हाला बहुधा कधीच दिसणार नाही. दिसली, तर समजा काहीतरी फार बिघडलंय आणि इंजिनिअरने कवच उघडलंय.

आपलं आरोग्य विद्यापीठ इथंच नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे. त्यामुळे बी.पी.एम.टी. (पॅरामेडिकलची पदवी) आणि डिप्लोमा करणारी मुलं गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या लहान-मोठ्या सेंटरमध्ये सतत येत असतात. तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या फिलामेंटचा कॅथोड, ते आदळून किरण तयार होतात तो टंगस्टनचा ॲनोड, हे सगळं त्यांना पाठ असतं, आकृतीही सुरेख काढतात. पण कवचाखाली तेलाचा थेंब दिसला तर काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आतल्या भागांना आपला हात कधीच लागत नाही. आत काय चाललंय हे बाहेरच्या भागांवरूनच ओळखावं लागतं, आणि पेशंटला, तुम्हाला सांभाळतात तेही हेच भाग. म्हणून मी बाहेरून सुरुवात करते. खाली लिहिलंय ते मुख्यतः खोलीत बसवलेल्या मशीनबद्दल आहे. वॉर्डातल्या मोबाइल मशीनचं थोडं शेवटी.

पायरी १: मशीन बंद असताना लेबल वाचा

सकाळी पेशंट यायच्या आधी दहा मिनिटं काढा. मेन स्विच बंदच असू द्या. ट्यूब खाली घ्या आणि कवचावरची पट्टी शोधा. तिच्यावर मॉडेल, सिरियल नंबर, जास्तीत जास्त किती केव्ही (किलोव्होल्ट, विजेचा दाब) चालेल, फोकल स्पॉट, म्हणजे ॲनोडवर किरण निघतात ते ठिपके, किती मिलिमीटरचे आहेत आणि ट्यूबचं स्वतःचं फिल्ट्रेशन, म्हणजे कमजोर किरण गाळणं, किती, हे कोरलेलं असतं. फोकल स्पॉट बहुतेक वेळा दोन असतात, एक लहान आणि एक मोठा, उदाहरणार्थ ०.६ आणि १.२. हे सगळं वहीत उतरवून घ्या. बिघाड झाल्यावर फोनवर सर्व्हिसवाला पहिल्यांदा हेच विचारतो, आणि तेव्हा स्टुलावर चढून मोबाइलच्या टॉर्चने पट्टी वाचत बसावं लागतं.

मग दोन खुणा शोधा. कवचाच्या एका टोकाशी अधिक आणि दुसऱ्या टोकाशी उणे असं चिन्ह असतं. अधिक म्हणजे ॲनोड, उणे म्हणजे कॅथोड. दुसरी खूण म्हणजे कवचाच्या मध्यावरचा छोटा ठिपका किंवा रेघ. आतला फोकल स्पॉट नेमका त्या पातळीवर आहे. अंतर मोजायची टेप तिथून धरायची, कोलिमेटरच्या तळापासून नाही. ही चूक मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. १०० सेंटिमीटर समजून प्रत्यक्षात सव्वाशेवर एक्स-रे काढायचे आणि मग "फिल्म फिकी का येते" म्हणून एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ, म्हणजे किरणांचं प्रमाण) वाढवत राहायचं.

अधिक-उण्याच्या खुणेचा उपयोग परीक्षेपुरता नाही. ॲनोडचा पृष्ठभाग तिरका असल्यामुळे त्या बाजूला जाणारे किरण त्याच धातूत काही प्रमाणात अडतात. कॅथोडच्या बाजूला मात्र ते जास्त तीव्र असतात. यालाच हील इफेक्ट म्हणतात. म्हणून शरीराचा जाड भाग कॅथोडच्या बाजूला घ्यायचा. मांडीच्या हाडाचा एक्स-रे असेल तर खुब्याकडचं टोक कॅथोडकडे, घोट्याकडून गुडघ्यापर्यंत घ्यायचा असेल तर गुडघा कॅथोडकडे, छातीच्या मणक्याचा समोरून असेल तर पोटाकडची बाजू कॅथोडकडे. फिल्म मोठी आणि अंतर कमी असेल तेव्हा हा फरक स्पष्ट दिसतो, बोटाच्या एक्स-रेत तो जाणवतही नाही.

पायरी २: कवच, म्हणजे हाउसिंग

इथं जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त काम हाच भाग करतो आणि सगळ्यात कमी लक्षही यालाच मिळतं.

रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ट्यूब उघड्याच असायच्या. काचेचा फुगा स्टँडला लावलेला, आणि किरण चारी बाजूंना जाणारे. काम करणारे लोक ट्यूब नीट चालतेय का हे बघायला स्वतःचाच हात मध्ये धरायचे. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली असंच काम करत होते. हातांवर जखमा झाल्या, कॅन्सर झाला, दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये ते गेले. किरणांमुळे झालेला हा पहिला ज्ञात मृत्यू मानला जातो. डॅली यांची अवस्था पाहून एडिसन यांनी या कामातून अंगच काढून घेतलं. आज किरण चारी बाजूंना न जाता फक्त पेशंटच्या दिशेने जातात, ते या कवचामुळे.

कवच धातूचं असतं आणि त्याच्या आतून शिशाचं अस्तर असतं. फोकल स्पॉटपासून किरण सगळीकडे जातात, पण आपल्याला हवे असतात फक्त खिडकीतून खाली येणारे. बाकीचे शिशात अडतात. तरी थोडे निसटतातच, त्यांना लीकेज म्हणतात. त्याची मर्यादा ठरलेली आहे: फोकसपासून १ मीटरवर एका तासात १ मिलिग्रेपेक्षा जास्त नाही. हे मोजायचं काम तुमचं नाही, त्यासाठी उपकरण आणि अधिकृत माणूस लागतो. तुमचं काम आहे कवच पाहण्याचं. कुठं पोचा आलाय का, स्क्रू सैल आहे का, कोलिमेटर आणि कवच यांच्या जोडात फट पडलीय का. ट्यूब भिंतीवरच्या बकीला (फिल्म धरणाऱ्या चौकटीला) किंवा स्ट्रेचरला आपटली असेल तर लपवू नका. सांगितलं तर फार तर बोलणी बसतील, पण शिसं हललं असेल तर ते बाहेरून कुणालाच दिसणार नाही.

कवचाचं दुसरं काम विजेचं. आत लाखभर व्होल्टचा दाब असतो. काचेची ट्यूब आणि कवच यांच्यामधल्या जागेत तेल भरलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरमध्ये असतं तसंच हे इन्सुलेटिंग तेल. त्यामुळे वीज आतून धातूच्या कवचावर उडी मारत नाही, आणि कवच अर्थिंगला जोडलेलं असल्यामुळे तुम्ही बिनधास्त हात लावू शकता. अर्थिंग मात्र खरोखर जोडलेलं हवं. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत, तळमजल्यावरच्या गाळ्यात थाटलेल्या सेंटरमध्ये हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यायला सांगा. कवचाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर मशीन बंद करा आणि त्या दिवशी पुन्हा लावू नका.

तिसरं काम उष्णतेचं. ट्यूबमध्ये जी ऊर्जा आपण घालतो, तिच्यातला एक टक्कासुद्धा किरणांत जात नाही. बाकी ९९ टक्क्यांहून जास्त उष्णता होते. ८० केव्ही आणि २० एमएएसचं एक एक्स्पोजर धरा. जुन्या सिंगल फेज मशीनवर गुणाकार केला की १,६०० हीट युनिट, आणि आजच्या हाय फ्रिक्वेन्सी मशीनवर त्याच्या साधारण १.४ पट, म्हणजे २,२४०. ही उष्णता ॲनोडकडून तेलात, तेलाकडून कवचात आणि कवचाकडून खोलीतल्या हवेत जाते. काही ट्यूबना त्यासाठी पंखाही असतो. ॲनोड काही मिनिटांत निवतो, कवचाला मात्र तासन् तास लागू शकतात. म्हणून ओपीडीच्या गर्दीत दुपारी एकच्या सुमारास कवचाला हाताची पाठ लावून बघायची सवय ठेवा. कोमट असणं ठीक. चटका बसत असेल तर पुढचा कंबरेचा एक्स-रे थोडा थांबू शकतो.

तेल तापलं की फुगतं. त्याला जागा मिळावी म्हणून कवचाच्या एका टोकाला भात्यासारखी लवचिक पिशवी असते, तिला बेलोज म्हणतात. तेल फुगलं की भाता दबतो, निवलं की पूर्ववत होतो. फार दबला तर त्याच्यामागचं बारीक बटण दाबलं जातं आणि मशीन एक्स्पोजर घेऊ देत नाही. काही मशीनवर हेच काम तापमानाचा स्विच करतो. कन्सोलवर ट्यूब गरम झाल्याची सूचना आली, की मशीन बंद-चालू करून ती घालवायचा प्रयत्न नवीन मुलं करतात. कृपा करून करू नका. पेशंटला सांगा, "काका, मशीन तापलंय, दहा-पंधरा मिनिटं बसा." एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीपर्यंत जातो, तेव्हा खोलीतला एसी ही मशीनचीच गरज असते. एसी बंद पडला तर त्याचीही तक्रार मशीनच्या तक्रारीइतक्याच तातडीने करा.

याच कारणासाठी ट्यूबवर कापड टाकून ठेवायचं नाही. धूळ बसू नये म्हणून मावशी प्रेमाने चादर घालून जातात, सकाळी घाईत ती तशीच राहते आणि कवचाची हवा कोंडते. धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसा. ओलं फडकं नको, आणि स्प्रे थेट कवचावर तर मुळीच नको.

खंडेनवमीचंही सांगून ठेवते. आपल्याकडे मशीनची पूजा होते, व्हायलाच हवी, ते मशीन आपलं पोट भरतं. पण झेंडूचा हार ट्यूबला किंवा कोलिमेटरला घालू नका. देठ आणि दोरा खिडकीसमोर लोंबतो, पाकळ्या फटीत जातात, आणि पारदर्शक पट्टीवर लागलेलं हळदी-कुंकू पुसताना तिच्यावर चरे पडतात. हार स्टँडच्या खांबाला बांधा, कुंकवाचं बोट कन्सोलच्या बाजूच्या पत्र्याला लावा, नारळ दाराबाहेर फोडा. मी दर वर्षी असंच करते.

आता तेलाच्या थेंबाबद्दल. नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. एका छोट्या दवाखान्यात सोमवारी सकाळी टेबलावर रुपयाएवढा चिकट डाग दिसला. मला वाटलं, आदल्या दिवशी कुणाच्या तरी डोक्याचं तेल लागलं असेल. पुसून काम सुरू केलं. बुधवारी डाग पुन्हा दिसला, आणि कवचाच्या जोडाला धूळ चिकटून काळी रेघ उठलेली होती. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "चालतंय ना, मग चालू दे." शुक्रवारी एक्स्पोजर देताना आतून चटकन फुटल्यासारखा आवाज आला, मशीन ट्रिप झालं आणि ट्यूब कायमची गेली. तेल जितकं बाहेर येतं तितकी हवा आत जाते, आणि हवेच्या बुडबुड्यातून वीज सहज उडी मारते. त्या सोमवारी मी काम थांबवलं असतं तर कदाचित जोडाचं सील बदलून आणि तेल भरून भागलं असतं. म्हणून डाग छोटा असला तरी एक्स्पोजर थांबवा, फोटो काढा, लेखी कळवा. लेखी यासाठी, की "चालू दे" म्हणणाऱ्यालाही मग विचार करावा लागतो.

पायरी ३: केबल

कवचाच्या दोन टोकांना दोन जाड केबल येतात. या एच.टी., म्हणजे हाय टेन्शन केबल. एक ॲनोडची, दुसरी कॅथोडची. एकूण दाब १५० किलोव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, पण तो निम्मा-निम्मा वाटलेला असतो, एका केबलवर अधिक ७५ आणि दुसरीवर उणे ७५. त्यामुळे प्रत्येक केबलला अर्ध्याच दाबाचं इन्सुलेशन पुरतं. कॅथोडच्या केबलमधून फिलामेंट तापवणाऱ्या ताराही जातात. बाहेरच्या आवरणाखाली तांब्याची जाळी असते, ती अर्थ केलेली असते. केबल ट्यूबला जिथं मिळते तिथल्या खोबणीत इन्सुलेटिंग ग्रीस भरलेलं असतं, ते कोरडं पडलं किंवा त्यात ओल शिरली की ठिणग्या पडतात. ही टोकं तुम्ही कधीही उघडायची नाहीत, मशीन बंद असलं तरी. केबलमध्ये साठलेला भार बराच वेळ राहू शकतो.

तुम्ही बघायचं ते वळणं. ट्यूब वर-खाली, आडवी-उभी केली की केबल ताणली जाते का, टेबलाच्या कडेवर घासते का, कुठं दुमडते का. केबलला मोठ्या गोलाईत लोंबू द्यायचं, चिकटपट्टीने खांबाला करकचून बांधायचं नाही. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला काम करणाऱ्यांना ओल आणि उंदीर हे दोन्ही त्रास ठाऊक असतील. रूममध्ये डबा खाऊ नका असं मी म्हणते, ते उंदरांमुळे.

तिसरी एक बारीक केबल असते, ती स्टेटरची. आतला ॲनोड फिरतो, पण त्याला फिरवणारी विजेची गुंडाळी काचेच्या बाहेर, कवचाच्या आत असते. काचेच्या आत हवा नाही, तिथं तारा नेऊन मोटर लावता येत नाही. म्हणून बाहेरच्या गुंडाळीने चुंबकीय क्षेत्र फिरवायचं आणि आतला तांब्याचा रोटर त्यामागे फिरतो. घरच्या छताच्या पंख्याच्या मोटरचंही तत्त्व हेच. साधा रोटर मिनिटाला ३,००० च्या आसपास फेरे घेतो, हाय स्पीड ट्यूबमध्ये १०,००० च्या घरात.

पायरी ४: स्टँड, ब्रेक, वजन

ट्यूबला धरणारी व्यवस्था दोन-तीन प्रकारची असते. छताच्या रुळांवरून लोंबणारी, जमिनीपासून छतापर्यंत खांबावर चालणारी, किंवा फक्त जमिनीच्या रुळावर उभी. लहान सेंटरमध्ये तुम्हाला बहुतेक शेवटचीच दिसेल. खांबाच्या आत ट्यूबच्या तोलाचं वजन दोरखंडाला बांधलेलं असतं, म्हणून एवढी जड ट्यूब बोटाने वर जाते. ती अचानक जड वाटू लागली, आपोआप खाली सरकू लागली किंवा खांबातून करकर आवाज आला, तर तिच्याखाली पेशंट घ्यायचा नाही. पोलादी दोर तुटला तर थांबवणारी पकड बहुतेक मशीनला असते, पण आपल्या पेशंटच्या डोक्यावर तिची परीक्षा नको.

सगळे ब्रेक एकेक करून लावून बघा. १०० आणि १८० सेंटिमीटरला ट्यूब खटकन अडकण्याची सोय असते. टेबलावरचे एक्स-रे पहिल्या अंतरावर आणि उभ्याने छातीचा दुसऱ्यावर. कोनाचा काटा शून्यावर असताना ट्यूब खरंच सरळ खाली बघते का, हे मोबाइलमधल्या लेव्हलने किंवा सुताराच्या पाणसळीने तपासा. आणि ट्यूब हलवताना कायम हँडल धरा, केबल किंवा कोलिमेटरचा नॉब नाही.

पायरी ५: खिडकी आणि फिल्टर

कवचाला खालून एक छोटं भोक असतं, तिथं शिसं नाही. त्याच्या मागे काचही पातळ केलेली असते. तीच ट्यूबची खिडकी. कमी ताकदीचे किरण शरीरातून पार जात नाहीत, त्वचेतच मुरतात, चित्राला त्यांचा उपयोग शून्य. त्यांना आधीच गाळायला खिडकीपुढे ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. काच आणि तेल मिळून साधारण अर्धा मिलिमीटर ॲल्युमिनियमइतकं गाळतात, कोलिमेटरचा आरसा थोडं, आणि उरलेलं हा पत्रा. नेहमीच्या डायग्नोस्टिक ट्यूबला सगळं मिळून निदान २.५ मिलिमीटर ॲल्युमिनियमइतकं हवं. सर्व्हिसनंतर कोलिमेटर काढून परत बसवला असेल, तर "पत्रा परत लावला ना?" एवढं विचारून घ्या. राहून गेला तर चित्र नेहमीसारखंच येईल, पेशंटच्या त्वचेला मात्र जास्त डोस जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

पायरी ६: कोलिमेटर

हा डबा मुलांना सगळ्यात आवडतो, त्यामुळे शिकवायलाही सोपा. आत शिशाच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात, एक लांबीची, एक रुंदीची. नॉब फिरवले की त्या सरकतात. आत ४५ अंशांत तिरका आरसा आणि बाजूला दिवा असतो. आरशापासून दिव्याचं अंतर आणि आरशापासून फोकल स्पॉटचं अंतर अगदी सारखं ठेवलेलं असतं, म्हणून प्रकाश जिथं पडतो तिथंच किरण पडतात. दिवा बदलताना जरा वाकडा बसला किंवा धक्क्याने आरसा हलला, की हा मेळ बिघडतो. मग तुम्ही प्रकाशात मनगट बरोबर मधोमध ठेवता आणि फिल्मवर ते कडेला जातं.

पट्ट्या आवळायच्या कशासाठी? किरण जितक्या जास्त मांसातून जातात तितके ते विखुरतात. विखुरलेले किरण चित्र धुरकट करतात आणि तुमच्याकडेही तेच येतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून प्रेसमध्ये बोट सापडलेली मुलं येतात. तर्जनीचा एक्स-रे असेल तर तळहाताच्या अर्ध्यापर्यंतच उघडा. पूर्ण पंजा, मनगट आणि वर टेबलाची कडा येईल इतकं उघडायची काही गरज नसते. लहान मूल मांडीवर घेऊन आई बसली असेल तर हे आणखी महत्त्वाचं. आधी आईला लेड एप्रन द्या, मग तिचे हात प्रकाशाच्या चौकटीबाहेर आहेत हे बघा, आणि मगच बाहेर जा. "ताई, बाळाचा हात इथं धरा, तुमची बोटं या उजेडात येऊ देऊ नका," असं सांगितलं की कुणालाही कळतं.

दिवा गेला म्हणून चौकट पूर्ण उघडून काम चालवणारी माणसं मी पाहिली आहेत, दोन-दोन महिने. तसं करू नका. दिवा ही स्वस्त वस्तू आहे.

प्रकाश आणि किरण जुळतात का, हे तुम्ही स्वतः तपासू शकता, आणि त्यासाठी नऊ नाणी पुरतात. रुपयाची नवी नाणी घ्या, व्यास सुमारे २ सेंटिमीटर असतो. फिल्मची कॅसेट टेबलावर ठेवा, ट्यूब १०० सेंटिमीटरवर, काटा शून्यावर. प्रकाशाची चौकट कॅसेटपेक्षा चारी बाजूंनी चांगली लहान करा. आता चौकटीच्या प्रत्येक कडेच्या मध्यावर दोन नाणी अशी ठेवा की दोघांचा स्पर्श नेमका कडेवर होईल, एक नाणं उजेडात आणि एक अंधारात. चार कडा, आठ नाणी. नववं नाणं चौकटीच्या आत एका कोपऱ्यात, ॲनोडच्या बाजूला, म्हणजे नंतर दिशा कळेल. बाहेर जाऊन अगदी कमी एक्स्पोजर द्या, ५० केव्ही आणि दोन-तीन एमएएस पुरतात. सी.आर. किंवा डी.आर., म्हणजे फिल्मऐवजी डिजिटल यंत्रणा असेल तर चित्राच्या कडा आपोआप कापण्याची सोय आधी बंद करा, नाहीतर खरी कड दिसणारच नाही.

चित्रात किरणांची कड प्रत्येक जोडीच्या मधून गेली तर उत्तम. थोडी इकडे-तिकडे असेल तरी चालतं, कारण अंतराच्या २ टक्क्यांपर्यंत फरक मान्य आहे, म्हणजे १०० सेंटिमीटरला २ सेंटिमीटर. नाण्याची रुंदीही तेवढीच, त्यामुळे टेप लागत नाही. बाहेरचं नाणं अख्खं किरणांत आलं किंवा आतलं नाणं अख्खं बाहेर गेलं, तर मर्यादा संपली, इंजिनिअरला बोलवा. मी हे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी करते आणि चित्र तारखेसह ठेवते. दर दोन वर्षांनी करायच्या अधिकृत तपासणीची ही जागा घेत नाही, पण मधल्या काळात डोळे उघडे राहतात.

पायरी ७: आता मशीन लावा, आणि ऐका

डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी बातम्यांत येते, आपल्या रूममध्येही पहाटे गारठा असतो. थंड ॲनोडवर एकदम मोठा भार टाकला तर त्याला तडा जाऊ शकतो. म्हणून दिवसाची सुरुवात वॉर्म-अपने करा. खोलीत कुणी नाही, दार लावलेलं, कोलिमेटरच्या पट्ट्या पूर्ण बंद, आणि मशीनच्या पुस्तकात दिलेली हलकी एक्स्पोजर थोड्या-थोड्या वेळाने. आकडे प्रत्येक ट्यूबचे वेगळे असतात, दुसऱ्या सेंटरमधले आणू नका.

बटण अर्धं दाबलं की रोटर फिरू लागतो. रोज एकसारखा, गुणगुणल्यासारखा आवाज येतो. तो कानात साठवून ठेवा. खरखर, घरघर किंवा एरवीपेक्षा पटकन थांबणं ही बेअरिंग झिजल्याची लक्षणं. आवाजच आला नाही तर बटण सोडा. ॲनोड न फिरता एक्स्पोजर गेलं तर एकाच जागी सगळी उष्णता पडते आणि तिथलं टंगस्टन वितळतं, तेही ३,४०० अंशांच्या वर वितळणारं. मशीन असं होऊ देत नाही, पण आपल्या कानांना सुट्टी नको. आणि बटण अर्धं दाबून "श्वास घ्या... अजून घ्या... आता रोखा" असं लांबवत बसू नका. तेवढा वेळ फिलामेंट पूर्ण तापलेलं असतं, त्याचं टंगस्टन उडून काचेवर थर धरतं. आधी पेशंटकडून एकदा सराव करून घ्या, मग बटणाला हात लावा.

मोबाइल मशीन

वॉर्डात न्यायच्या लहान मशीनला बाहेर जाड केबल दिसल्या नाहीत तर घाबरू नका. ट्यूब आणि हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर एकाच तेलाच्या डब्यात असतात, म्हणून तो डबा मोठा आणि जड. बाकी कवच, खिडकी, कोलिमेटर सगळं तेच. इथं भिंत नसते, त्यामुळे अंतर हीच भिंत. स्विचची दोरी पूर्ण लांब करून निदान २ मीटर मागे जा. अंतर दुप्पट झालं की किरणांची तीव्रता चौथा हिस्सा होते. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांना बाहेर काढा. लेड एप्रन घाला आणि टीएलडी बॅज (तुम्हाला लागलेले किरण मोजणारा बिल्ला) छातीवर, एप्रनच्या आत लावा.

वही

ट्यूबशेजारी एक साधी दोनशे पानी वही ठेवा. पहिल्या पानावर लेबलवरची माहिती, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याची मुदत, शेवटच्या क्वालिटी ॲश्युरन्सची तारीख आणि सर्व्हिसवाल्याचा फोन. पुढे रोज एकच ओळ: वॉर्म-अप केला का, रोटरचा आवाज, कवचाखाली डाग, ब्रेक, दिवा. सगळं ठीक असेल त्या दिवशीही लिहा. काही बिघडलं की मागची पानं चाळा, बरेचदा त्रास आठवडाभर आधीच कुठंतरी लिहिलेला सापडतो. संध्याकाळी निघताना ट्यूब टेबलाच्या मधोमध, थोडी वर आणि सरळ करून ठेवा, पट्ट्या बंद करा आणि मेन स्विच खाली करा.